मळकट बाजू कागदाकडं

ओढणी आधी. मागं घे, गाठ मार.
वेणी कुडत्याच्या आत. बांगड्या त्या रिकाम्या
चहाच्या डब्यात ठेव. हसू नकोस, रजिता,
हे मशीन माणूस ओळखत नाही,
कड ओळखतं. कड सापडली की आत घेतं.

स्विच लाव आणि थांब.
हिरवा दिवा लागेपर्यंत सात रस्त्याकडं बघत बस.
गिऱ्हाईक म्हणणार, अक्का, साहेब दोनला उठतात.
उठू देत.
कोमट रोलरमधून काढलेला कागद
आठ दिवसांत सायीसारखा सुटतो
आणि नवव्या दिवशी भांडायला येतो.

फिल्मला दोन बाजू. चकाकते ती रोलरची,
मळकट ती कागदाची. डिंक मळकट बाजूलाच असतो.
उलटी लावलीस तर सगळी रोलरलाच गुंडाळेल,
मग रात्री आठपर्यंत आपण दोघी फडकं घेऊन.
रोलर कोमट असतानाच पुसायचा, फडक्यानंच.
काय करलालीस? ब्लेड ठेव खाली!
रबराला एकदा चरा पडला
की तो दर कागदावर उमटतो,
निकालावर, रेशनकार्डावर, हॉटेलच्या मेनूवर,
तोच चरा.

ताण कसा कळायचा, विचारतेस.
माझा बाप साखर पेठेत मागावर बसायचा.
बघायचा कमी, ऐकायचा जास्त.
ताणा सैल पडला की धोटा वेगळा बोलतो, म्हणायचा.
फिल्म सैल राहिली तर सुरकुत्या,
जास्त ओढली तर कागद वाळल्या पानागत वळतो.
ब्रेकची चावी पाव फेरा. पाव म्हणजे पाव.
येमुलांच्या घरची ना तू? टॉवेलचे चार माग होते तुमचे.
हाताला आठवेल.

वीज गेली तर, आणि जाणारच, एप्रिल आहे,
आधी हा दांडा वर. दाब उचल.
मग पुठ्ठ्यानं वारा घे, मग शिव्या दे.
दाबाखाली थांबलेलं रबर चपटं होतं एका जागी
आणि नंतर आयुष्यभर लंगडतं.

कागद अडकला तर लाल बटण.
मग उलटं फिरवायचं बटण.
बोट नाही. कितीही जवळ दिसला तरी बोट नाही.
हे बघ. नख परत आलं,
रेषा नाही आल्या. आधारच्या मशीनला
मी या बोटावर पटत नाही.

आणि गिऱ्हाईक देईल तो कागद आधी नखानं घास.
काळी रेघ उठली तर परत दे.
तो कागद उष्णतेनंच लिहिलेला असतो,
जास्त उष्णता दिली की सगळाच भरून जातो.

हे मला दुकानाच्या दुसऱ्या वर्षी कळलं.
वळसंगचा माणूस होता, दुपारची वेळ.
सोनोग्राफीचा फोटो, बोटभर रुंद, शर्टाच्या खिशात
पासबुकात दाबून आणलेला.
नीट राहायला पाहिजे, म्हणाला.
मी घातला.
पलीकडून काळा निघाला.
चकचकीत, कडा बंद, हवेचा एक बुडबुडा नाही.
तितकं स्वच्छ काम माझ्या हातून अजून झालेलं नाही.
त्यानं तो उजेडाकडं धरला. फिरवला. परत धरला.
दिसंल का पुन्हा?
नाही, म्हणाले.
त्यानं दहा रुपये काढून काचेवर ठेवले
आणि मी ते घेतले.
का घेतले ते विचारू नकोस,
बारा वर्षं झाली, गल्ला मोजताना
दहाची नोट मी अजून पालथी घालते.

चल, दिवा लागला.
ह्या मावशी केव्हाच्या उभ्या आहेत.
विडी कामगारांचं कार्ड, घडीवर फाटायला आलंय,
तंबाखूचा वास आत राहील, राहू दे.
आधी कोऱ्या कागदावर बघ.
मग हे. सरळ धर, तळव्यानं, ढकलू नकोस,
ते ओढेल तेवढंच सोड.
कापताना चारी बाजूंनी काडीभर कड राख,
कागदाला लागून कापलंस तर पाणी शिरतं.

थांब.
पिन काढलीस?
मागची पण बघ.